रिसीव्हरला कोणते स्पीकर झेपतील? खानदेशातल्या हॉलसाठी ओहम आणि डेसिबलचा हिशेब

चोपड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. नवं घर बांधलंय, हॉल १८ बाय १२ फूट, वर स्लॅब, खाली टाइल्स, सोफा पडद्यापासून साधारण १२ फुटांवर. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना पॉवर देणारं ॲम्प्लिफायरचं मशीन) ७.२ चा, म्हणजे सात स्पीकरचे सात चॅनेल आणि खोल बासच्या दोन सबवूफरची सोय असलेला, कागदावर चॅनेलमागे ८० वॅट, पाठीमागे स्पीकरच्या टर्मिनलजवळ '६ ते १६ ओहम' (स्पीकर करंटला किती विरोध करतो त्याचं माप) छापलेलं. पुढच्या टॉवरच्या दोन जोड्या पसंत पडल्या आहेत. एक ४ ओहमची, सेन्सिटिव्हिटी (थोड्या ठरावीक पॉवरवर किती मोठा आवाज निघतो ते) ८७ डेसिबल, २०० वॅटची. दुसरी ८ ओहमची, ९१ डेसिबल, १२० वॅटची. दुकानदार पहिली घ्या म्हणतो, कारण '४ ओहमवर रिसीव्हर जास्त पॉवर देतो'. सराउंडला, म्हणजे बाजूच्या-मागच्या स्पीकरसाठी, जुन्या डीव्हीडी होम थिएटरचे छोटे स्पीकर वापरायचा विचार आहे.

भाऊ, दुसरी जोडी घ्या. आणि जुन्या सराउंडच्या पाठीवरचं स्टिकर आधी वाचा. तसल्या तयार संचांचे स्पीकर पुष्कळदा ३ ओहमचे असतात. तसं निघालं तर ते या रिसीव्हरला जोडायचे नाहीत. मी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत होम थिएटर बसवतो. आपल्याकडे हा निर्णय पुण्या-मुंबईपेक्षाही विचारपूर्वक घ्यावा लागतो, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

आधी दुकानदाराचं म्हणणं बघू. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. ८ ओहमवर ८० वॅट द्यायचे तर रिसीव्हरला स्पीकरच्या टोकांवर साधारण २५ व्होल्ट ठेवावे लागतात आणि ३.२ अँपिअर करंट वाहतो. तेच २५ व्होल्ट ४ ओहमवर ठेवले तर करंट ६.३ अँपिअर होतो आणि गणितानं १६० वॅट निघतात. कागदावर हे छान दिसतं. पण तो दुप्पट करंट आतल्या ट्रान्सफॉर्मरनं पुरवायचा असतो, आउटपुट ट्रान्झिस्टरनं सोसायचा असतो आणि हीटसिंकनं त्याची उष्णता बाहेर टाकायची असते. मधल्या किमतीच्या रिसीव्हरमध्ये सात चॅनेल मिळून एकच ट्रान्सफॉर्मर असतो. विहिरीवरची मोटर तीच ठेवून शेतात दुप्पट कॉक उघडले तर पाणी दुप्पट येत नाही, प्रेशर पडतं आणि मोटर तापते. इथेही तेच होतं. '६ ते १६ ओहम' असं छापणाऱ्यानं आपल्या मशीनची मर्यादाच तुम्हाला लिहून दिली आहे. ती मानावी.

आता ओहमचा आकडा. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजलेला त्याचा विरोध, एका जागी स्थिर नसतो, फ्रिक्वेन्सीप्रमाणे वर-खाली होतो. ८ ओहमचा म्हणून विकला जाणारा टॉवर खालच्या बासला कुठे २०-३० ओहमवर चढतो, कुठे ६ च्या आसपास उतरतो. बासच्या उंचवट्यानंतर, १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात, तो बहुतेक वेळा सगळ्यात खाली येतो. स्टिकरवरचा आकडा नाममात्र असतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे खरा इम्पीडन्स कुठेही त्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमवाला ६.४ च्या खाली नको, ६ वाला ४.८ च्या आणि ४ वाला ३.२ च्या खाली नको. सगळे कारखाने हे पाळतात असं नाही. काही जण '८ ओहम कंपॅटिबल' असं लिहितात आणि इम्पीडन्सचा आलेख ४ ओहमच्या जवळ उतरलेला असतो. म्हणून माहितीपत्रकात 'मिनिमम इम्पीडन्स' शोधा. तो आकडा छापणाऱ्या कंपनीवर माझा जास्त विश्वास असतो. तुमच्या ८ ओहमवाल्या जोडीचा मिनिमम ५ च्या वर असेल तर निर्धास्त व्हा. ४ पेक्षा कमी असेल तर नावाला ८ असूनही ती ४ चीच समजा.

मल्टिमीटर लावून ओहम मोजणारे पुष्कळ भेटतात. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, इम्पीडन्स नाही. ८ ओहमच्या स्पीकरवर तो साधारण ५.५ ते ७ दाखवेल, ४ ओहमच्यावर ३ ते ४. स्टिकर फाटलेला जुना स्पीकर कुठल्या गटातला आहे, एवढं ओळखायला ते पुरतं. ६ दिसले म्हणून तो ६ ओहमचा ठरत नाही.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यात जी गफलत होते तिच्यामुळे लोकांचे पैसे जातात. माहितीपत्रकात कधी '१ वॅट, १ मीटर' असतं, कधी '२.८३ व्होल्ट, १ मीटर'. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, त्यामुळे तिथे दोन्ही सारखेच. पण ४ ओहमवर तेच २.८३ व्होल्ट २ वॅट खातात. मग ४ ओहमच्या स्पीकरचे '८७ डेसिबल' २.८३ व्होल्टवर मोजलेले असतील, आणि बहुतेक वेळा तसेच असतात, तर १ वॅटचा खरा आकडा ८४. ६ ओहमवाल्यातून साधारण सव्वा डेसिबल वजा करा. तुमच्या दोन जोड्यांत कागदावर ४ डेसिबलचा फरक दिसतो. वॅटच्या भाषेत तो ७ डेसिबलचा आहे, आणि ७ डेसिबल म्हणजे पाचपट पॉवर.

हे तुमच्या हॉलला लावून बघू. १२ फूट म्हणजे सुमारे ३.६ मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर आवाज ११ डेसिबलनं पडला असता. बंद खोलीत भिंती आवाज परत देतात म्हणून मी ७ डेसिबल धरतो. जुन्या धाब्याच्या घरात, जाड मातीच्या भिंती आणि वर कडीपाट असेल तर, आवाज इतका परतत नाही. तिथे ८-९ धरावे. सिनेमाच्या मिक्सिंगचं रेफरन्स माप प्रत्येक मुख्य चॅनेलला सरासरी ८५ डेसिबल आणि क्षणिक शिखर १०५ असं असतं. घरात इतक्या जोरात फार थोडे लोक बघतात. रेफरन्सपेक्षा १० डेसिबल खाली, म्हणजे शिखर ९५, हे कुटुंबाला भरपूर होतं.

सोफ्यावर ९५ हवे तर स्पीकरपासून १ मीटरवर १०२ निघायला हवेत. ८४ वाल्या स्पीकरला त्यासाठी १८ डेसिबल वाढवावे लागतील. दर १० डेसिबलला दहापट, दर ३ ला दुप्पट या हिशेबानं ते सुमारे ६३ वॅट होतात, आणि ४ ओहमवर करंट ४ अँपिअर. ९१ वाल्याला ११ डेसिबल वाढवायचे, म्हणजे साडेबारा वॅट आणि सव्वा अँपिअर. आवाज दोघांचा सारखाच, सोफ्यावर बसलेल्याला फरक कळणार नाही. रिसीव्हरला मात्र कळतो. अशा रिसीव्हरमधला नेहमीचा क्लास एबी प्रकारचा ॲम्प्लिफायर ६३ वॅट बाहेर देताना जवळपास तेवढीच, कधी त्याहून जास्त उष्णता आत सोडतो. आणि हे झालं एका चॅनेलचं.

कधी हौसेनं पूर्ण रेफरन्सवर बघायचं ठरवलंत तर ९१ वाल्याला शिखरावर १२६ वॅट लागतील, म्हणजे तुमच्या रिसीव्हरच्या थोडे पलीकडे, आवाज २ डेसिबल खाली ठेवला की जमेल. ८४ वाल्याला ६३० वॅट लागतील. त्या वाटेला जायचंच नाही.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. होम थिएटरच्या सल्ल्यांमध्ये हे कुठे वाचायला मिळत नाही आणि माझ्या कामात सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो. तुमच्याकडे तापी-सातपुड्याच्या मधेही काही वेगळं नसतं. बहुतेक रिसीव्हरच्या पुस्तिकेत बाहेरचं तापमान ३५ किंवा ४० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. म्हणजे दुपारी सिनेमा लावण्याआधीच मशीन आपल्या मर्यादेवर बसलेलं असतं. त्यात ते फर्निचरवाल्यानं केलेल्या बंद काचेच्या कप्प्यात, वर सेटटॉप बॉक्स ठेवलेलं. हीटसिंकला उष्णता टाकायला थंड हवाच नाही.

मग हॉलमध्ये कूलर लागतो. कूलरची घरघर चालू झाली की हळू संवाद ऐकू येत नाहीत आणि घरातलं कोणीतरी व्हॉल्यूम वाढवतं, सहज ६ डेसिबलनं. ६ डेसिबल म्हणजे चौपट पॉवर. ज्या दिवशी मशीनला सगळ्यात कमी काम द्यायला हवं, त्याच दिवशी आपण त्याला चौपट काम देतो. वरच्या हिशेबातले साडेबारा वॅट ५० होतात, ते ८० वॅटच्या रिसीव्हरला चालतात. ६३ चे २५० होतात. हे चालणार नाही. ॲम्प्लिफायर क्लिप होतो, लाटांची टोकं कापली जातात, त्या कापलेल्या टोकांतून वरच्या पट्टीची जादा ऊर्जा निघते आणि ट्वीटरची (उंच पट्टीचा आवाज देणाऱ्या छोट्या स्पीकरची) बारीक कॉइल जळते. २०० वॅटचे स्पीकर ८० वॅटच्या रिसीव्हरवर जळाले म्हणून चकित झालेले लोक मला दर उन्हाळ्यात भेटतात. ते २०० म्हणजे स्पीकर किती सोसू शकतो याचा आकडा. त्याला किती लागतात हे त्यातून कळत नाही, आणि क्लिपिंगपासून तो ट्वीटर वाचवत नाही.

तिसरी गोष्ट व्होल्टेज. तालुक्याच्या गावात पंप सुरू असताना घरात २३० ऐवजी १९० व्होल्ट दिसणं नवं नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या रिसीव्हरमध्ये आतला डीसी पुरवठा त्याच प्रमाणात खाली येतो आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं घटते. १९० वर ८० वॅटचे ५५ राहतात. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर आणखी वाईट. मेनच्या साइन वेव्हचं शिखर ३२५ व्होल्ट असतं आणि रिसीव्हरचा डीसी त्या शिखरावर ठरतो. स्क्वेअर वेव्हचं शिखर २३० च्या आसपासच राहतं, त्यामुळे उपलब्ध पॉवर जवळजवळ निम्म्यावर येते आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो वेगळा. लाइट गेल्यावर सिनेमा पुरा करायचाच असेल तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा. व्होल्टेज नेहमीच पडत असेल तर १ केव्हीएचा चांगला स्टॅबिलायझर रिसीव्हरसाठी वेगळा घ्या, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर लोड टाकू नका.

उष्णता, कूलर आणि व्होल्टेज हे तिन्ही एकाच दुपारी एकत्र येतात, म्हणून इथे मी ४ ओहमच्या कमी सेन्सिटिव्हिटीच्या टॉवरला मधल्या रिसीव्हरवर हो म्हणत नाही. तोच टॉवर नाशिकला एसीच्या खोलीत, बेताच्या आवाजात, कदाचित वर्षानुवर्षं चालेल.

रिसीव्हरच्या मेनूत किंवा एखादं बटण दाबून 'स्पीकर इम्पीडन्स ४ ओहम' असं सेटिंग मिळतं. दुकानदार म्हणेल ते करा, झालं. त्या सेटिंगनं रिसीव्हर ४ ओहमसाठी ताकदवान होत नाही. बहुतेक मशीनमध्ये ते आतला व्होल्टेज खाली आणतं किंवा करंटला लगाम घालतं, म्हणजे उष्णता मर्यादेत राहते आणि पॉवर घटते. ८५ च्या आसपास सेन्सिटिव्हिटी असलेल्या स्पीकरला आधीच जास्त वॅट हवेत, त्यात आपण आणखी कमी देणार. तुमच्या ८ ओहमच्या जोडीसाठी ते सेटिंग ८ वरच ठेवा.

खोक्यावरचा मोठा आकडाही एकदा तपासा. '१५० वॅट' असं मोठ्या अक्षरात असतं आणि खाली बारीक अक्षरात ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती), एकच चॅनेल चालू. कामाची ओळ वेगळी असते: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्क्यांच्या आसपास डिस्टॉर्शन, दोन चॅनेल चालू. तुमचे ८० त्या ओळीतले आहेत का ते बघा. पाच-सात चॅनेल एकदम जोरात चालले तर ८० चे प्रत्येकी बरेच कमी होतात, पण सिनेमात सगळी चॅनेल एकाच क्षणी शिखरावर फारशी येत नाहीत, त्यामुळे याची फार काळजी नको.

सबवूफर घेणार असाल, आणि घ्याच, तर सेटअपमध्ये टॉवरला 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. एवढ्या मोठ्या टॉवरला 'स्मॉल' म्हणवत नाही लोकांना. पण त्या शब्दाचा अर्थ इतकाच की ८० च्या खालचं जड काम सबवूफरचा स्वतःचा ॲम्प्लिफायर करेल. सबवूफर आरसीए केबलनं जोडला जातो, तिथे ओहमचा प्रश्नच येत नाही. रिसीव्हरच्या डोक्यावरचा सगळ्यात मोठा भार असा उतरतो. मात्र १००-२०० हर्ट्झमधली खोल उतरण ८० च्या वरच असते, म्हणून क्रॉसओव्हर लावला की ४ ओहमचा टॉवर ८ चा झाला असं समजू नका.

सराउंडसाठी ८ किंवा ६ ओहमचे साधे बुकशेल्फ घ्या, ८७-८८ डेसिबलचे चालतील. सगळ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी सारखी असायला हवी असं नाही. रिसीव्हर प्रत्येक चॅनेलची पातळी साधारण १२ डेसिबल वर-खाली करू शकतो आणि मायक्रोफोन लावून स्वतःच जुळवतो. सराउंड बहुतेक वेळा हळूच वाजतात, थोडे जास्त वॅट खाल्ले तरी चालतं. सेंटरला मात्र काटकसर करू नका. सिनेमातलं बहुतेक बोलणं तिथूनच येतं. तो शक्यतो टॉवरच्याच मालिकेतला घ्या, म्हणजे आवाजाचा पोत जुळतो. तो ८९ चा असला आणि टॉवर ९१ चे असले तरी हरकत नाही.

एका टर्मिनलवर दोन स्पीकर समांतर जोडणं टाळा. ८ आणि ८ समांतर म्हणजे ४, ८ आणि ४ समांतर म्हणजे २.७ च्या आत. गच्चीवर किंवा ओट्यावर आणखी एक जोडी हवी असेल तर रिसीव्हरचा झोन २, म्हणजे दुसऱ्या जागेसाठीचं वेगळं आउटपुट, वापरा. मंडपवाल्याकडचा १०० व्होल्ट लाइनचा भोंगा तर लावूच नका. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरमुळे इम्पीडन्स शेकडो ओहम होतो आणि तो कुजबुजल्यासारखा वाजतो.

वायर तांब्याचीच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरचा रेझिस्टन्स १५ मीटरच्या अंतराला, म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटरला, ०.४ ओहम होतो. ८ ओहमला हे ५ टक्के, म्हणजे अगदी काठावर. मागच्या सराउंडसाठी अडीच स्क्वेअर एमएम टाका, ०.२४ ओहम होईल. प्लास्टरच्या आधी पाइप टाकून घेतला असेल तर फारच छान. टर्मिनलमध्ये वायर घालताना एकही तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकणार नाही हे बघा. 'प्रोटेक्शन' येऊन बंद पडणाऱ्या कितीतरी रिसीव्हरमध्ये मला एवढंच सापडतं. सगळे स्पीकर काढून मशीन चालू राहिलं तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे. तरीही बंद पडलं तर मशीन दुरुस्तीला द्यावं.

रिसीव्हर बंद कप्प्यात ठेवू नका. वर किमान १५-२० सेंटिमीटर मोकळी जागा, मागची फळी कापलेली, आणि वरच्या जाळीवर काहीही ठेवायचं नाही. जिनिंग जवळ असेल तर हंगामात रुईचा बारीक तंतू त्या जाळीवर बसतो. तो मऊ ब्रशनं झटकत राहा. कूलरची ओली हवा थेट मशीनवर येऊ देऊ नका.

आणि ४ ओहमच्याच टॉवरवर मन बसलं असेल तर त्यालाही रस्ता आहे. रिसीव्हरला फ्रंट प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी सॉकेट) आहेत का बघा. असतील तर ४ ओहमवर चालण्याची स्पष्ट हमी असलेला दोन चॅनेलचा वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडा. रिसीव्हर मग फक्त सेंटर आणि सराउंड चालवेल. हा खर्च धरून दोन्ही जोड्यांची किंमत पुन्हा ताडून बघा.

मायक्रोफोनचं कॅलिब्रेशन रात्री, कूलर आणि पंखे बंद ठेवून करा. मग उन्हाळ्यात संवाद ऐकू येईनात तर मुख्य व्हॉल्यूमला हात लावण्याआधी सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा, आणि डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन किंवा 'नाइट मोड' चालू करा. त्यानं हळू बोलणं वर येतं आणि स्फोटांची शिखरं खाली येतात. जादा भार पडतो तो फक्त सेंटरवर, बाकीची चॅनेल तशीच गार राहतात.